एका फुंकरीचं इंजिन

माझी दाढ किडली नसती तर मी इंजिनांच्या नादी लागले नसते. निवृत्त होऊन तीनच महिने झाले होते. तेहेतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यावर आता घरी बसून काय करायचं, याची चिंता मला नव्हती, धारवाडातल्या आमच्या सगळ्या मळमड्डी वस्तीला होती. शेजारच्या काकू भजनी मंडळात ओढत होत्या. समोरचे गृहस्थ नातीची शिकवणी घ्या म्हणून मागे लागले होते. आणि जन्मभर धारवाडच्या कोर्टात वकिली केलेले आमचे हे दिवसातून चारदा म्हणत होते, "तू जरा स्वस्थ बस की." स्वस्थ बसणं मला जमत नाही. त्यात दाढ ठणकायला लागली.

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडले होते, तेव्हा शेजारच्या टेबलावर काहीतरी टिकटिक करत होतं. डोळे वळवून पाहिलं तर मुठीत मावेल एवढं पितळेचं इंजिन. त्याचा बोटाच्या पेराएवढा सिलिंडर डुलत होता, आतला दांडा खालीवर होत होता, आणि एक चकचकीत चाक गरागरा फिरत होतं. तोंड बधिर केलेलं, त्यामुळे प्रश्न विचारायची सोय नाही. मला गप्प राहावं लागलेला आयुष्यातला तो सर्वांत अवघड पाऊण तास. जीभ थोडी हलायला लागल्याबरोबर मी दाढेचं काही न विचारता इंजिनाचं विचारलं. डॉक्टर खूष झाले. म्हणाले, "मीच केलंय. रविवारी सकाळी आठला केलगेरीला घरी या, दाखवतो."

धारवाडच्या कडेला, केलगेरीच्या तळ्याजवळ, त्यांच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात धातू फिरवून तासायचं एक जुनं लेथ, भोकं पाडायचं एक यंत्र, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत एक लाकडी टेबल. दर रविवारी तिथे हे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, आणखी दोघेतिघे जमायचे आणि छोटी इंजिनं करायचे. अगदी खरी, चालणारी. बाजारातून काही सुटं आणून जोडायचं नाही. पितळेचा दांडा, लोखंडाचा तुकडा घ्यायचा आणि त्यातून सगळं कोरून काढायचं. हे सगळे ज्यांच्याकडून शिकले ते अण्णा.

अण्णा हुबळीच्या रेल्वे कारखान्यात टर्नर होते. मी गेले तेव्हाच सत्तरीच्या पुढे होते. हुबळीजवळ उणकलला मुलाकडे राहायचे आणि दर रविवारी बसने केलगेरीला यायचे. बोलायचे कन्नड, पण रेल्वे वसाहतीत मराठी शेजारात वाढल्यामुळे मराठीही त्यांना येई. दोन्ही भाषा एकाच वाक्यात घालायचे. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना अक्कोर म्हणतात. अण्णा पहिल्या दिवसापासून मला तेच म्हणाले, आणि म्हणाले तेही असं, की जणू मी पहिलीत आहे आणि ते इन्स्पेक्टर.

"अक्कोर, हे घ्या. सपाट करा," म्हणून त्यांनी माझ्या हातात पितळेचा एक चौकोनी तुकडा आणि कानस दिली. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. चार महिने लागले. मी घासून आणलं की अण्णा तो तुकडा काचेवर ठेवायचे, उजेडाकडे धरून खालून बघायचे आणि म्हणायचे, "उजेड येतोय." बस्स. मी संतापायची. घर्षणाचे नियम मी शिकवलेले, पृष्ठभाग म्हणजे काय हे मी फळ्यावर काढलेलं, आणि एक म्हातारा मला उजेड येतोय म्हणून परत पाठवतो! घरी येऊन भांडी आपटायची. आमचे हे म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं." त्या दिवशी त्यांना भाकरीबरोबर चटणीच मिळायची. पाचव्या महिन्यात अण्णांनी तुकडा काचेवर ठेवला, बघितलं, आणि काही न बोलता खिशात टाकला. डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "पास झालात."

त्या शेडमध्ये इंजिन पास व्हायची एक रीत होती आणि ती अण्णांनी घातलेली. चाकाला एक टिचकी मारायची आणि इंजिनाला लावलेल्या रबरी नळीतून एक फुंकर घालायची. ती फुंकर संपेपर्यंत चाक थांबता कामा नये. एक टिचकी, एक फुंकर. यात जे इंजिन चाललं त्यालाच मग छोट्या बॉयलरची वाफ मिळायची. नाही चाललं तर परत घरी. आणि फुंकर घालायची अण्णांनी, कारण आपल्या इंजिनाला आपण नकळत जास्त जोर लावतो. हे मला लगेच पटलं. आपल्या पोराचा पेपर आपण तपासू नये. डॉक्टर स्टीलच्या डब्यात नळ्या उकळून ठेवायचे. डॉक्टरच ते, रविवारीही त्यांना जंतू दिसायचे.

माझं पहिलं इंजिन पास व्हायला तीन वर्षं लागली. मला मॅट्रिकच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता. खोटं कशाला सांगू, लग्नातही नाही.

मग एका वर्षी पावसाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला. महिनाभर दवाखान्यात होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी मुलाने त्यांना रिक्षातून आणून सोडलं. निम्मे झाले होते. आम्ही सगळे "किती छान दिसताय" वगैरे जे बोलायचं असतं ते बोललो. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कुणाचं इंजिन तयार आहे?"

बँकेच्या साहेबांचं होतं. अण्णांनी टिचकी मारली, फुंकर घातली. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. साहेब म्हणाले, माझंच काहीतरी चुकलंय. अण्णांनी उठून फळीवरचं स्वतःचं जुनं इंजिन घेतलं, जे आजवर कधी थांबलं नव्हतं. टिचकी, फुंकर. तेही थांबलं. मग त्यांना खोकल्याची ढास लागली आणि डॉक्टरांनी त्यांची पाठ चोळली.

डॉक्टर सहज म्हणाले, "अण्णा, त्यात काय, माझा दवाखान्यातला हवेचा कंप्रेसर आणून लावू."

"कंप्रेसर लावला तर दळायचं जातं पण फिरतंय, डॉक्टर," अण्णा म्हणाले. "साकु आता. पुरे. संक्रांत झाल्यावर एका रविवारी येतो. हत्यारं तुमच्यात वाटून टाकतो. मग काय यायचं काम नाही मला."

चहा आला, तो गार झाला. मला मात्र राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. त्यांच्या फुप्फुसांचा असेल, किंवा त्या म्हाताऱ्याने एवढ्या सहज सगळं गुंडाळलं त्याचा. मला राग आला की माझं काम चांगलं होतं, हा माझा जुना अनुभव आहे. वाटेत मी ठरवून टाकलं. अण्णांची फुंकर कमी पडते ना? मग त्या फुंकरीवर चालेल एवढं हलकं इंजिन करायचं. हातात संक्रांतीपर्यंतचा वेळ होता.

घरी येऊन आधी कागद घेतला. सिलिंडर अरुंद केला तर हवेला दाब जास्त लागतो. रुंद केला तर दाब कमी चालतो, पण हवाच जास्त लागते. अण्णांकडे दाबही नव्हता आणि हवाही नव्हती. म्हणजे उरलं एकच, घर्षण. जिथे जिथे धातू धातूला घासतो तिथली प्रत्येक अडवणूक काढून टाकायची. पिस्टन सिलिंडरमध्ये इतका नेमका बसायला हवा की हवा बाजूने निसटणार नाही, आणि तरी आपल्या वजनाने अलगद खाली घसरेल. लिहायला दोन ओळी. करायला अडीच महिने.

मी पाच पिस्टन केले. पहिला सैल झाला, दुसरा घट्ट, तिसरा चांगला झाला आणि फरशीवर पडून त्याला पोचा आला. चौथ्याबद्दल मी बोलणार नाही. पाचवा मी लेथवर जरासा जाड ठेवला आणि मग घरी बसून हाताने घासत गेले. डॉक्टरांनी दातांना चकाकी आणायची पूड दिली होती, तिच्यात तेलाचा थेंब कालवून. दुपारी ओट्यावर बसून गोल गोल घासायचं, पुसायचं, घालून बघायचं, परत घासायचं. बघणाऱ्याला वाटावं बाई चंदन उगाळतेय.

परीक्षा कशी घ्यायची हा दुसरा प्रश्न. माझी फुंकर धडधाकट. यांची तर विचारूच नका, चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला हवेची कधी कमतरता नसते. म्हणून मी जिन्यावरून गच्चीत तीनदा चढउतार करून धापा टाकत येऊन फुंकायची. आमचे हे खालून ओरडायचे, "अगं, काय करायलीस? या वयात पळायची शर्यत आहे काय?" चौथ्या दिवशी गुडघा सुजला. मग अक्कल आली आणि मी नळीलाच सुईने बारा भोकं पाडली, म्हणजे निम्मी हवा वाटेतच निघून जाईल. ही युक्ती मला आधी सुचायला हवी होती. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई जिन्यावरून का पळत होत्या, हे कोडं यांनी पुढे सगळ्या नातेवाइकांना घातलं.

ठरलेल्या रविवारच्या आदल्या दुपारी सगळं जुळून आलं. फक्त शिलाई मशीनच्या तेलाची बाटली संपलेली. बाजारापर्यंत कोण जाणार? समोर कोनाड्यात खोबरेल तेल होतं, उन्हात ठेवून आणलेलं, पाण्यासारखं पातळ. दोन थेंब सोडले. चाकाला टिचकी मारली, भोकं पाडलेल्या नळीतून हलकेच श्वास सोडला, नुसता सोडला, आणि चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. यांना हाक मारली. ते चष्मा लावून आले, बराच वेळ बघत राहिले आणि पहिल्यांदाच काही चेष्टा न करता म्हणाले, "हे चाललं बघ." मला भरून आलं. त्या आनंदात मी त्यांच्यासाठी मिरचीची भजी तळली.

रविवारी सकाळी धारवाडात चांगलीच थंडी होती. इंजिन रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून, स्कूटरवर केलगेरीला गेले. तळ्यावरून बोचरा वारा येत होता. शेडमध्ये अण्णा आधीच येऊन बसले होते. कानटोपी, मफलर, आणि पायाशी एक खाकी पिशवी. ते एकेक हत्यार काढून टेबलावर ठेवत होते आणि ज्याला द्यायचं त्याच्याकडे सरकवत होते. डॉक्टरांना अण्णांचा मायक्रोमीटर मिळाला होता. तो त्यांनी दोन्ही हातांत असा धरला होता की हसावं की रडावं कळेना. बँकेच्या साहेबांना कानशींचा संच. माझ्यासाठी धातू तासायचा एक छोटा खरवडा बाजूला काढलेला होता, लाकडी मुठीचा, मूठ घामाने काळी झालेली.

"आधी हे बघा," मी म्हटलं आणि इंजिन पुढे ठेवलं. "तुमच्या फुंकरीसाठी केलंय."

हे बोलायला नको होतं बहुतेक. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. उचललं, वळवून पाहिलं. "काम छलो आहे, झकास," म्हणाले. डॉक्टरांनी डब्यातून उकळलेली नळी दिली. अण्णांनी टिचकी मारली आणि फुंकर घातली. चाक जागच्या जागी थरथरलं आणि थांबलं. त्यांनी दम घेतला, दुसऱ्यांदा फुंकलं. चेहरा लाल झाला. चाक हललंसुद्धा नाही.

अण्णांनी नळी काढून हळूच टेबलावर ठेवली. "असू दे अक्कोर," ते म्हणाले. त्यांनी मला समजावलं, हे मला सर्वांत लागलं. तीन महिने घालवून मी त्यांना सगळ्यांसमोर पुन्हा तेच दाखवलं होतं, की तुमचा श्वास संपला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ते उठायला लागले. मी काही सुचेना म्हणून इंजिन हातात घेतलं, चाक बोटाने फिरवून पाहिलं, तर घट्ट. काल अलगद फिरणारं चाक जणू कुणी डिंकाने चिकटवलेलं. पिस्टनच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं. नखाने काढलं. मऊ, मेणासारखं. नाकाशी नेलं.

खोबरेल. गोठलेलं.

धारवाडच्या घराघरात हिवाळ्यात तेलाची बाटली सकाळी उन्हात ठेवल्याशिवाय कुणाची वेणी होत नाही. आमच्या घरात तर मीच ठेवते. द्रवणांक आणि गोठणांक हा धडा मी तेहेतीस वर्षं याच खोबरेल तेलाचं उदाहरण देऊन शिकवला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"अण्णा, थांबा! तेल गोठलंय. खोबरेल घातलं होतं मी."

बँकेचे साहेब जे हसायला लागले ते टेबलाला धरून. डॉक्टरही हसले. अण्णा हसले नाहीत. "राहू दे आता," म्हणून ते दाराकडे निघाले. "दोन वेळा झालं. तिसरी फुंकर नाही माझ्यात."

तेव्हा माझा आवाज चढला. ठरवून नाही, आपोआप. मागच्या बाकावरच्या पोरांसाठी राखून ठेवलेला माझा जो आवाज होता तो निघाला. "बसा खाली!"

अण्णा बसले. बँकेचे साहेबही बसले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नळ्यांचा स्टीलचा डबा नुकताच उकळून उतरवलेला होता. मी त्याच्या झाकणावर इंजिन ठेवलं आणि पदराने झाकलं. पाच मिनिटं तशीच त्यावर वाकून बसले. डॉक्टरांच्या घरातून चुरमुऱ्यांचं गिरमिट आलं, त्याला कुणी हात लावला नाही. अण्णा शेवटी म्हणाले, "अक्कोर, कोंबडी अंड्यावर बसल्यागत काय बसलाय?" पण त्यांचा श्वास तेवढ्या वेळात खाली बसला होता. मी चाक फिरवून पाहिलं. अलगद. पुन्हा पुन्हा फिरवून सगळीकडचं तेल सुटं केलं, पुसलं, आणि इंजिन त्यांच्यासमोर ठेवलं.

अण्णांनी टिचकी मारली. नळी ओठांत धरली. फुंकर घातली असं म्हणता येणार नाही, इतकी ती हलकी होती. चाक फिरलं. एक फेरा, दुसरा, मग मोजता येईनात. सिलिंडर डुलायला लागला आणि ती टिकटिक सुरू झाली. डॉक्टर हळू आवाजात मोजायला लागले, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." अकरापर्यंत गेले. अण्णांचा श्वास संपला आणि त्यानंतरही चाक दोनतीन फेरे फिरून मग थांबलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी पुन्हा टिचकी मारली आणि पुन्हा फुंकर घातली. मग तिसऱ्यांदा. त्यांना थांबवायला हवं होतं, पण डॉक्टर असून डॉक्टरही नुसते फेरे मोजत होते. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

चौथ्यांदा फुंकताना अण्णांनी कान इंजिनाशी नेला. कपाळाला आठी पडली. "वाजतंय," म्हणाले.

"काय वाजतंय?"

"चाकाची पिन. फेऱ्याला एकदा टक करतीय. ऐकू येत नाही काय तुम्हाला?" त्यांनी चाक काढलं, पिन उजेडाकडे धरली. "पिन तिरकी बसलीय, अक्कोर. एवढं काम केलं आणि इथे घाई." मग माझ्यासमोर ठेवलेला खरवडा त्यांनी उचलला, माझा म्हणून दिलेला, आणि बसल्या बसल्या भोकाची कड खरवडायला लागले. थोड्या वेळाने मान वर न करता त्यांनी डॉक्टरांकडे हात पसरला.

"मायक्रोमीटर द्या की इकडे."

डॉक्टरांनी दिला. अण्णांनी पिन मोजली, मान हलवली, पुन्हा मोजली. मग तो मायक्रोमीटर पुसून त्याच्या छोट्या पेटीत ठेवला आणि पेटी पिशवीत. बँकेच्या साहेबांनी कानशींचा संच न मागताच पुढे सरकवला. तोही पिशवीत गेला. खरवडाही.

मुलगा रिक्षा घेऊन आला तेव्हा अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसले. ती मुलाला धरू दिली नाही. रिक्षा निघता निघता त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि मला विचारलं, "पुढच्या रविवारी आठला ना?"